पावसाळ्याचं काम जानेवारीत

दर हिवाळ्यात प्रभागात एक पत्रक वाटायची रीत आहे. एका बाजूला हात जोडलेला फोटो, दुसऱ्या बाजूला कामांची यादी: इतके गट्टू बसवले, इतके खांब उभे केले, इतके ओटे बांधले. यंदा माझ्याकडे यादी नाही. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकांचं मतदान झालं, १६ ला निकाल लागला, आमच्या अमरावतीत ८७ आणि अकोल्यात ८० जण निवडून आले. पण आज, २४ जानेवारीला, माझा सभागृहात एकदाही हात वर झालेला नाही. मार्च २०२२ मध्ये आमची मुदत संपली आणि तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकांकडे होता. त्याआधी पाच वर्षं मी नगरसेविका होते, मग माजी झाले, आता तुम्ही पुन्हा पाठवलंत. पद मिळालंय, अधिकार यायचाय. तेव्हा यादीऐवजी कालचा शुक्रवार लिहून काढते. त्यातून मला तुमच्याकडे एक मागणंही मागायचं आहे.

पहाटे साडेपाच

पहिला फोन पाण्याचा. आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो आणि काल पाण्याचा दिवस होता. "ताई, नळ नाही आला अजून. पोट्ट्याची बारावीची प्रॅक्टिकल आहे आज, आंघोळ कशी करन तो?" थंडी अशी की गोधडीबाहेर हात काढून फोन धरवत नव्हता. बिनआंघोळीचं गेलं तर गुण कापत नाहीत, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. सहाच्या सुमारास नळ आला.

अमरावतीत पाणी महापालिका देत नाही, हे इतक्या वर्षांनीही पुष्कळांना सांगावं लागतं. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी येतं आणि शहरात ते वाटायचं काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. बिलही त्यांचंच. माझ्या हातात असतो तो फक्त व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाचा नंबर. मतं मात्र पाण्यावर आम्ही सगळेच मागतो, कोणताही पक्ष असो.

सात

सफाई कामगारांची हजेरी. बीटप्यून नावं पुकारतो, बाया पदरात हात गुंडाळून "हाव" म्हणतात आणि झाडायला निघण्याआधी पानांचा ढीग पेटवून पाच मिनिटं शेकतात. त्या ढिगात वेफरची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, कधी सायकलचं टायर. गल्लीतल्या दमेकरी आजोबांनी मला धुराचा व्हिडिओ पाठवला होता, खाली एकच ओळ: "पाहून घ्या तुमचं स्वच्छ शहर."

आजोबा बरोबर आहेत. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. पण त्याच नियमांत कामगारांना काय काय द्यायचं तेही लिहिलंय: गणवेश, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क. पावसाची आठवण ठेवली, थंडीची नाही. स्वेटर त्या यादीत नाही. दहा अंशांच्या पहाटे उघड्या रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला दंडाची भीती घालायला मला जमत नाही. त्यामुळे तोडगा असा निघाला की शेकोटी पेटली तर लाकडाचीच, टायर आणि प्लास्टिक बाजूला. आरागिरणीतला लाकडाचा चुरा आणि ढलप्या रोज कोण आणून देणार, ते ठरायचं आहे. कुणी घ्याल का अंगावर?

गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, अमरावतीच्या वाटेवर देह ठेवला. त्यांची समाधी याच शहरात आहे. त्यामुळे डिसेंबरच्या विसाव्या तारखेला झाडू धरून फोटो काढायला आम्हा पुढाऱ्यांची गर्दी असते. जानेवारीत सकाळी सातला रस्त्यावर या बायाच असतात.

नऊ

घरचं ऑफिस, म्हणजे पोर्च आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या. आधारचा पत्ता बदलायला नगरसेवकाची सही आणि शिक्का चालतो, म्हणून सगळ्यात मोठी रांग त्याचीच. माजी असताना मी सही द्यायचे, पण माजीच्या सहीला केंद्रावर कुणी विचारत नसे. माणसं तरी यायचीच. "तुम्ही नाही तं कोणाकडे जाव?" हा प्रश्न त्या चार वर्षांत फार ऐकला. शिक्का आता करायला टाकला आहे. बाकी येणाऱ्यांत रेशनकार्ड तहसीलचं, वीजबिल महावितरणचं, संजय गांधी निराधारचे पैसे पुन्हा तहसीलचे. मी प्रत्येकाला चिठ्ठीवर टेबलाचं नाव लिहून देते. चुकीच्या दारात गेलेला दिवस मजुराला दोनदा पडतो: रोजी जाते ती जाते, पुन्हा जावं लागतं ते वेगळंच.

गटाराबद्दल, नाल्याबद्दल काल सकाळी एकही माणूस बोलला नाही. जानेवारीत कुणीच बोलत नाही.

साडेअकरा

म्हणून मीच कनिष्ठ अभियंत्याला घेऊन नाल्यावर गेले. आपल्या मागच्या अंगाने अंबानाल्याला मिळणारा जो पाट आहे, त्यात या दिवसांत घोट्याएवढं काळं पाणी असतं. चपला घालून उतरता येतं, एका काठावरून दुसऱ्या काठाला टेप लावता येते, कुठे काठ खचलाय, कुणी पायरी पुढे काढलीय, कुणाचा पाइप थेट आत सोडलाय, सगळं दिसतं. जुलैत इथे उभंही राहता येत नाही. अभियंता तरुण आहे. आधी काठावरूनच फोटो काढत होता. मी उतरले तशी त्याने पँट दुमडली.

काय सापडलं? कापूस. ओल्या, काळ्या झालेल्या कापसाचे गोळे. हिवाळ्यात गाद्या पिंजून घ्यायची आपली पद्धत आहे, गल्लीत पिंजारी येतो, नवा कापूस भरतो आणि जुना निकामी कापूस आपण रातोरात नाल्यात नेऊन टाकतो. कपाशीच्या मुलखातलं शहर आपलं, कापसाने नाला तुंबवणारं दुसरं सापडणं अवघड. हा कापूस मोरीच्या तोंडाशी अडकतो, त्याला पिशव्या चिकटतात, पिशव्यांना गाळ, आणि पहिल्या मोठ्या पावसाला पाणी मागच्या घरांत शिरतं.

नालेसफाई मे महिन्यात होते. गाळ काढून काठावर ठेवतात, तो उचलला जाण्याआधी पाऊस आला तर तोच गाळ परत आत. सफाई लागतेच, पण मागच्या गल्लीचा इलाज सफाईत नाही. तिथे संरक्षक भिंत हवी. आणि भिंत मागायची वेळ आत्ता आहे. तिचं प्राक्कलन व्हावं लागतं, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. यातली प्रत्येक पायरी म्हणजे एक टेबल, आणि या सगळ्यांच्या आधी अंदाजपत्रकात त्या कामासाठी पैसा असावा लागतो. अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर होतं. पाणी घरात शिरल्यावर जूनमध्ये जी भिंत मागतात, ती पुढच्या जूनमध्येही उभी राहिली नाही असं मी आधीच्या पाच वर्षांत वारंवार पाहिलं. नाल्याची तक्रार पावसाळ्यात येते आणि नाल्याचा पैसा हिवाळ्यात ठरतो. आपलं सगळं घोडं इथे अडतं.

एक

महापालिकेत. सगळ्यांच्या तोंडी महापौर कोण, स्थायी समितीत कोण. स्थायी समिती म्हणजे १६ जण. आयुक्त अंदाजपत्रक आधी त्यांच्यापुढे मांडतात, मग ते सभागृहात येतं. गेल्या चार वर्षांत मांडणारी आणि मंजूर करणारी सही एकच होती. कायद्याने ते योग्यच होतं, फक्त मधे "आमच्या गल्लीचं काय?" असं उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. यंदा असेल, पण नवी समिती बसून तिला कागद कळेपर्यंत फेब्रुवारी निम्मा जाईल. तोवर प्राक्कलन तयार हवं.

कर विभागात आपले एक सेवानिवृत्त गुरुजी भेटले. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, ती माफ करणारी अभय योजना कधी येते याची ते वाट पाहत होते. त्यांना जे बोलले तेच इथे लिहिते: वेळेवर भरणारा दर वेळी मूर्ख ठरतो, अशी योजना मला आवडत नाही. आली तर विरोधात बोलणार आहे. गुरुजी रागावले आहेत.

अडीच

डबा. सोबत उकडलेल्या तुरीच्या शेंगा. खाताखाता अकोल्याच्या मावसबहिणीचा फोन. तिच्याकडे पाणी महापालिकाच देते, काटेपूर्णा धरणातलं, महानवरून. त्यामुळे तिथे नळाची शिवी थेट नगरसेवकाला बसते. "तुमचं बरं आहे," ती म्हणाली, "दुसऱ्यावर ढकलता येते."

मी मात्र तिला मोर्णेबद्दल विचारत होते. जानेवारी २०१८ मध्ये जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांनी हाक दिली आणि दर शनिवारी हजारो अकोलेकर मोर्णा नदीत उतरून जलकुंभी ओढत होते. पंतप्रधानांनी त्याच महिन्यात 'मन की बात'मध्ये अकोलेकरांचं नाव घेतलं. कौतुक झालं ते श्रमदानाचं, योग्यच झालं. मला त्यातला महिना महत्त्वाचा वाटतो. पाणी उतरलेलं, ऊन सोसवणारं, शेतीची घाई कमी: नदीत माणूस उतरू शकतो तो याच दिवसांत. अर्थात सांडपाणी आत येत राहिलं की जलकुंभी पुन्हा पसरते. ओढून काढणं हिवाळ्याचं काम, सांडपाणी अडवणं अंदाजपत्रकाचं.

साडेचार

हळदीकुंकू. रथसप्तमी रविवारी, म्हणजे दोनच दिवस उरलेले, त्यामुळे काल घरं पुष्कळ होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं नगरसेविका वाण लुटत फिरतेय. मला विचाराल तर आमसभेत जे कळत नाही ते इथे कळतं. पुरुष माझ्याशी पक्षाबद्दल बोलतात, बाया दिव्याबद्दल. एकीने सांगितलं, शाळेच्या मागच्या बोळात सहाला अंधार पडतो आणि दिवे सातला लागतात; ट्यूशनच्या पोरी त्या एका तासात घोळक्याने उभ्या राहतात, एकटी कुणी येत नाही. दुसरी म्हणाली, दोघीजणींनी तर क्लासच सोडला. हे मला सकाळच्या रांगेत कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी नाल्याचा विषय काढला. आधी हसल्या. "ताई, आता तं तिळगूळ खा, पाणी आलं की पाहू." मी म्हटलं, पाणी आल्यावर काहीच पाहता येत नाही. तेव्हा मागच्या गल्लीतल्या एक आजी उठल्या, मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेल्या आणि दिवाण सरकवला. भिंतीवर मांडीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ. "हे मागच्या खेपेचं. आन् हे त्याच्या आधीचं," वर अजून एक. शेजारच्या घरात तशीच रेघ कपाटामागे निघाली, त्यापुढच्या घरात देवघराखाली. अभियंत्याला सकाळी मी एवढंच म्हटलं होतं की पाणी घरात येतं. किती येतं, कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, भिंत किती उंच आणि किती लांब हवी, हे सगळं त्या बायांच्या भिंतींवर लिहून ठेवलेलं होतं.

साडेसहा

शाळेमागच्या बोळात. खांब महावितरणचा, दिवा महापालिकेचा, देखभाल कंत्राटदाराची. काल मात्र नशीब चांगलं. पेटीतलं घड्याळ उन्हाळ्याच्या वेळेवर लावलेलं होतं, जानेवारीत सूर्य सहानंतर लगेच बुडतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माणूस आला, शिडी लावली, काटा मागे घेतला. याला प्राक्कलन लागत नाही की निविदा लागत नाही. ज्या दोघींनी क्लास सोडला त्यांच्या आयांना निरोप दिलाय.

रात्री दहा

स्टँडकडे. थंडीत उघड्यावर झोपणाऱ्यांना निवाऱ्यात न्यायची फेरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, शहरात लाखामागे एक निवारा हवा, बारा महिने आणि चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत अमरावती ६ लाख ४७ हजारांची. म्हणजे मोजदादीने सहा तरी. पण नुसतं छप्पर पुरत नाही. फळांची हातगाडी उभी करून तिच्याखाली झोपणारा एक जण निवाऱ्यात यायला तयारच नव्हता. "मी अंदर झोपतो, पन गाडी कोन पाहीन?" गाडी गेली तर त्याचा धंदा गेला. निवाऱ्याच्या आवारात गाड्यांना कुलूपबंद जागा असती तर तो काल आत झोपला असता. ही जागा मला जूनमध्ये मागायची आहे, तेव्हा थंडीची आठवण कुणालाच नसेल आणि हसण्यावारी नेतील. न्या.

अकराला अभियंत्याचा निरोप आला. आज शनिवार, उद्या रविवार, परवा प्रजासत्ताक दिन. मंगळवारी, २७ ला, सकाळी ११ वाजता तो टेप आणि नकाशा घेऊन नाल्याकाठच्या गल्लीत येतोय. ज्यांच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे त्यांनी घरी कुणीतरी थांबा, दिवाण-कपाट सरकवून ठेवा. गल्लीतल्या एका घरी लग्न आहे आणि रंगारी सोमवारी लागणार असं हळदीकुंकवात कळलं. त्यांना हात जोडून सांगते: समोरची खोली रंगवा, देवघर रंगवा, मागची भिंत तेवढी मंगळवार दुपारपर्यंत राहू द्या.