वॉकर सोडवताना

सकाळी ७.३०, सांडोर
फिजिओथेरपिस्ट म्हणून आजची पहिली घरभेट. आजींचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले. टाके सुकलेत, एक्स-रे छान आहे, पण गुडघा ७० अंशांपुढे वाकत नाही. टाच पलंगावरून मागे सरकवायला सांगितली की आजी श्वास कोंडतात, मांडी आवळतात. "मॅडम, आतलं निसटलं तर?" आवळलेली मांडी गुडघा वाकू देत नाही, जोर केला की दुखतं, दुखलं की भीती पक्की. म्हणून आधी श्वास सोडायला लावते, व्यायाम मागाहून. गोनिओमीटरचा, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीचा, आकडा त्यांनाच वाचायला देते. ७६! चालत चर्चमध्ये मिस्सेला जायचं त्यांनीच ठरवलंय, मी त्याचे टप्पे पाडून दिलेत.

९.३०, नालासोपारा
लोकलमधून पडून मांडीचं हाड मोडलेला तरुण. रॉड घातलाय, हाड जुळतंय. पण दीड महिना उलटला तरी गाडीचा भोंगा ऐकला की दचकून उठतो. कामाचा विषय निघाला की गप्प. अपघातानंतर हे महिन्याहून जास्त टिकलं तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तो उखडतो, "मला काय वेड लागलंय?" मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देते. ही सेवा २०२२ पासून आहे, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. खोली एकच, आईसमोर बोलवेना. कुबड्या घेऊन जिना उतरला, खालच्या पायरीवर बसून फोन लावला. आज जिन्याचा सराव वेगळा घ्यावा लागला नाही.

दुपारी १२, रुग्णालय
खुब्याचं हाड मोडलेले आजोबा. काल ऑपरेशन झालं. रात्री सलाइन उपटलं, "मोटर लावा, केळीला पाणी सोडायचंय" हाच धोशा. सून हळूच विचारते, "बाहेरचं काही असेल का हो?" हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा भ्रम. म्हातारपणी खुब्याच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतो. जंतुसंसर्ग, घटलेलं सोडियम, वेदना, औषधं, कारण काहीही असू शकतं. सिस्टरांनी डॉक्टरांना कळवलंय, रक्त तपासायला गेलंय. तोवर चष्मा, कानाचं मशीन, समोर घड्याळ, खिडकीचा उजेड आणि जवळ घरचं माणूस. वाद घालायचा नाही. सिस्टर आणि मी, दोघींनी धरून आजोबांना खुर्चीत बसवलं.

२.००
डबा आणि नोंदी.

४.३०, दवाखाना
खांदे, मनगटं, घोटे. अंशांच्या रकान्याशेजारी माझ्या वहीत झोप, भूक आणि भीती असे आणखी तीन रकाने आहेत. पट्टा बांधताना एक काका सहज म्हणाले, "पोरांना ओझं झालोय." असं वाक्य हसण्यावारी न्यायचं नसतं. सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "तसं नाही," म्हणाले, आणि मग बराच वेळ बोलले. त्यांना विचारूनच मुलाला आत बोलावलं.

७.००
काकांच्या सर्जनना फोन केला. उद्या ड्रेसिंगबरोबर मानसोपचाराची वेळही घेतली आहे.