लाखोंच्या गर्दीत रिंगणातला अश्व बुजत कसा नाही? घोडा शिकतो कसा, ते समजून घ्या

आषाढी वारी सुरू झाली की एक व्हिडीओ दरवर्षी तुमच्या मोबाईलवर येतोच. मैदानाच्या मधोमध पालखी, भोवती वारकऱ्यांचं कडं, हजारो भगव्या पताका, टाळ-मृदंगाचा गजर. आणि माणसांच्या दोन भिंतींमधून भरधाव सुटलेले दोन घोडे. एकाच्या पाठीवर पताका घेतलेला स्वार आहे. दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही, त्याचा लगाम धरायलाही कुणी नाही.

आता जरा विचार करा. रस्त्यावर प्लास्टिकची पिशवी उडाली तरी घोडा बुजतो. लग्नाच्या वरातीत फटाका वाजला की घोडा उधळल्याच्या बातम्या आपण वाचतो. मग एवढ्या कल्लोळात हे अश्व वाट न सोडता धावतात कसे?

आधी रिंगण समजून घेऊ

संत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजचं शिस्तबद्ध रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकर यांनी, १९व्या शतकात. सोहळ्यातले अश्व येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून. हा मान तिथल्या शितोळे सरकार घराण्याकडे आहे. अंकली ते आळंदी हे सुमारे ३०० किलोमीटरचं अंतर अश्व चालत येतात आणि मग पालखीसोबत पंढरपूरकडे निघतात.

पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते. माळशिरस तालुक्यात सदाशिवनगरजवळ पुरंदावडे इथे माउलींच्या सोहळ्याचं पहिलं गोल रिंगण होतं. पुढे खुडूस, ठाकुरबुवांची समाधी आणि पंढरपूरच्या उंबरठ्यावर बाजीराव विहीर इथेही रिंगणं होतात. तुकाराम महाराजांच्या पालखीचं गोल रिंगण अकलूजला रंगतं.

पाठीवर कुणी नसलेला तो माउलींचा अश्व. त्यावर स्वतः माउली स्वार असतात, ही वारकऱ्यांची श्रद्धा. हा अश्व स्वाराच्या अश्वाला गाठतो तेव्हा मैदानात एकच जल्लोष होतो.

घोडा एवढा घाबरट का?

कारण लाखो वर्षं तो शिकार होत आला आहे. शिंगं नाहीत, शिकारी प्राण्यासारखे सुळे नाहीत. वाचायचा मुख्य उपाय एकच, पळणं. म्हणून त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि जवळपास चहूबाजूंचं त्याला एकाच वेळी दिसतं. दिसत नाही ते फक्त नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. त्यामुळेच मागून गुपचूप जाणाऱ्याला लाथ बसते.

घोडा आधी पळतो आणि मग वळून बघतो. हा त्याचा दोष नाही, स्वभाव आहे. घोडा शिकवणं म्हणजे 'पळण्याआधी माझ्याकडे बघ, मी उभा आहे ना, मग काही होणार नाही' हा भरवसा त्याच्या मनात तयार करणं. आणि हे काम पाठीवर बसून सुरू होत नाही. ते सुरू होतं जमिनीवर, त्याच्या शेजारी उभं राहून.

पहिला धडा: दोर ओढायचा नाही, सोडायचा

घोड्याच्या तोंडाला मोहरकी आणि हातात दोर. शिकवणारा दोर अगदी हलका ताणतो आणि थांबतो. घोडा एक पाऊल पुढे टाकतो, त्याच क्षणी दोर ढिला. बास, एवढंच.

घोड्याला धडा मिळतो तो दोर ढिला होण्याच्या त्या क्षणात. 'पाऊल टाकलं की ताण जातो' हे त्याला कळतं. पाऊल टाकल्यावरही दोर ताणलेलाच राहिला तर त्याला काहीच कळत नाही. तो हळूहळू बधिर होतो आणि मग प्रत्येक वेळी जास्त जोर लावावा लागतो. ज्याला आपण 'अडेल घोडा' म्हणतो, त्याचा अडेलपणा अनेकदा इथे तयार झालेला असतो.

मागे सरकणं, बाजूला होणं, पाय उचलून देणं, सगळं याच पद्धतीने शिकवतात. एका वेळी १५-२० मिनिटं पुरतात. घोड्याला एखादी गोष्ट जमली की तिथेच थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो त्याच आठवणीने सुरुवात करतो.

दुसरा धडा: भीतीशी ओळख

समजा, पताकेची सवय करायची आहे. मग पताका आधी लांबच ठेवायची, इतकी लांब की घोडा कान टवकारेल पण पाय हलवणार नाही. थांबायचं. थोड्या वेळाने तो मान खाली करतो, मोठा श्वास सोडतो, तोंड चघळल्यासारखं हलवतो. ही सैल झाल्याची खूण. तेव्हा पताका दूर न्यायची आणि पुढच्या वेळी एक पाऊल जवळ आणायची. मग उजव्या बाजूने हेच पुन्हा, कारण डावीकडून ओळखीची झालेली वस्तू उजवीकडून दिसली की अनेक घोडे नव्याने दचकतात.

काही जण शॉर्टकट घेतात. घोडा बांधून टाकायचा आणि कानाशी ढोल वाजवायचा. थोड्या वेळाने तो धडपड थांबवतो आणि लोकांना वाटतं, शिकला. प्रत्यक्षात तो हरलेला असतो. भीती आत तशीच राहते आणि एक दिवस नेमकी गर्दीत बाहेर येते.

तिसरा धडा: गोल फिरवणं आणि मग स्वारी

सहा-आठ मीटर लांब दोराने घोड्याला गोल फिरवतात. आवाजावर चालायचं, आवाजावर दुडक्या चालीत जायचं, आवाजावर थांबायचं. दोन्ही दिशांना सारखंच, नाहीतर एकाच बाजूच्या पायांवर ताण येतो.

खोगीर येतं ते यानंतर. आधी नुसतं पाठीवर ठेवायचं, मग तंग हळूहळू आवळायचा, मग कुणीतरी पोटावर आडवं होऊन थोडा भार द्यायचा. स्वार बसतो तेव्हा घोड्याला 'चल' आणि 'थांब' आधीच येत असतं, नवीन असतं ते फक्त वजन.

इथे वयही महत्त्वाचं आहे. शिंगरू दोन वर्षांत दिसायला मोठं होतं, पण त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणून जाणकार तिसऱ्या-चौथ्या वर्षाआधी स्वारी सुरू करत नाहीत आणि नंतरही भार बेताने वाढवतात.

नवा घोडा तयार करणाऱ्याला जुन्या मराठीत 'चाबुकस्वार' म्हणत. नावात चाबूक असला तरी जोर नेहमी चाबकावरच होता असं नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफोनने घोड्यांवर लिहिलेल्या पुस्तकातही रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये असं बजावलं आहे.

घाई केली की काय होतं?

घाईचं सर्वांत क्रूर साधन म्हणजे काटेरी लगाम. तो जीभ आणि ओठ फाडतो. घोडा दुखण्यामुळे थांबतो, समजून नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने केलेल्या १९६५ च्या नियमांनुसार असा लगाम वापरायला बंदी आहे. तरीही वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो आजही सापडतो.

अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. अशा बाजारात घोडा नाचतो किती, यावर गर्दी जमते. पण खरी परीक्षा वेगळी आहे. तो मोहरकी शांतपणे घालू देतो का? चारही पाय उचलू देतो का? तोंडाच्या कडेला जखमा आहेत का?

मग रिंगणात नेमकं काय कामी येतं?

तीन गोष्टी. पहिली, चालत केलेला प्रवास. अंकलीपासून पुढे रोज रस्ता, वाहनं, माणसं, भजन यांची सवय होत जाते. दुसरी, सोबत. घोडा कळपाचा प्राणी आहे. ओळखीचा जोडीदार शांतपणे धावत असेल तर दुसऱ्यालाही धीर येतो. तिसरी, वाट. धाव सुरू होण्याआधी अश्वांना रिंगण फिरवून दाखवलं जातं. कुठून जायचं आहे हे घोड्याने आधीच पाहिलेलं असतं.

बाकीचं काम गर्दीचं. वारकरी आपलं कडं मोडत नाहीत, म्हणून घोड्याला वाट मोकळी दिसते. धाव संपल्यावर टापांखालची माती कपाळी लावायला लोक झेपावतात. तो क्षण नाजूक असतो. दमलेल्या घोड्याला अचानक चारही बाजूंनी हात येतात आणि पळायला जागा उरत नाही.

म्हणून यंदा रिंगणाला जाणार असाल तर एवढं पाळा. घोड्याच्या मागे उभे राहू नका. तोंडासमोर मोबाईल किंवा फ्लॅश धरू नका. माती घ्यायचीच असेल तर अश्व पुढे गेल्यावर घ्या, ती कुठे जात नाही. आणि घोड्याचे कान मागे चिकटलेले दिसले किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला तर दोन पावलं मागे सरका. त्याला जागा हवी आहे, हे सांगायची त्याची तीच भाषा आहे.