डिस्क ४ टीबीची, मग लिनक्सवर पार्टिशन २.२ टीबीचंच का होतं?

नाशिकमधल्या एखाद्या स्टुडिओने लग्नसराईच्या तोंडावर ४ टीबीची हार्ड डिस्क घेतली, लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडली आणि पार्टिशन काही २.२ टीबीच्या पुढे जाईना. डिस्क बनावट आहे का? बहुतेक वेळा नाही. घोडं अडतं ते पार्टिशन टेबलपाशी.

डिस्कचा कोणता भाग कुठे सुरू होतो आणि किती मोठा आहे, याची नोंद या टेबलमध्ये असते. १९८३ पासून चालत आलेल्या एमबीआर पद्धतीत या आकड्यासाठी ३२ बिटच मिळतात. म्हणजे मोजता येतात सुमारे ४२९ कोटी सेक्टर. एक सेक्टर साधारणपणे ५१२ बाइटचा धरला जातो. गुणाकार केला की २.२ टीबी! पुढची जागा आहे, पण तिला पत्ताच नाही.

जीपीटी पद्धतीत ६४ बिट असतात, शिवाय टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. लिनक्सवर 'पार्टेड' किंवा 'जीडिस्क' वापरून जीपीटी टेबल करता येतं. 'एफडिस्क'च्या जुन्या आवृत्त्यांना मात्र ते जमत नसे.

'पार्टेड'मध्ये नवं टेबल केलं की जुनी पार्टिशन दिसेनाशी होतात. त्यामुळे डिस्कवर कुणाच्या लग्नाचं शूटिंग आधीच टाकलं असेल, तर पहिल्यांदा बॅकअप घ्या. कमांड देण्याआधी 'एलएसबीएलके'ने डिस्कचं नाव आणि आकारही तपासून घ्या.