बंद दुकानं, उघडं रान

ऑस्लो, सप्टेंबर

शुक्रवारी दुपार झाली की आमच्या ऑफिसात एकच प्रश्न फिरायला लागतो: शनिवार-रविवार कुठे? उत्तरात हॉटेल किंवा मॉल क्वचितच येतो. कुणी तळ्याकाठी तंबू ठोकणार असतं, कुणी मुलांना घेऊन रानात लिंगोनबेरी वेचायला निघालेलं असतं, कुणी आजोबांच्या डोंगरातल्या लाकडी घराचं छप्पर दुरुस्त करणार असतं. मी इथे नवीन आले तेव्हा सहकाऱ्यांनी पगार विचारला नाही, जात-धर्म तर नाहीच. त्यांनी माझ्या बुटांची चौकशी केली. पाणी आत शिरणार नाही ना, घोट्याला आधार आहे ना, असं. नॉर्वेत नोकरी करायची तर पायांची तयारी हवी, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

आधी रोजचा दिवस सांगते. कायद्याने आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास काम. कामगार संघटनांच्या करारांमुळे बहुतेक ठिकाणी ते साडेसदतीस तासच असतं. लोक आठला येतात, साडेअकराच्या सुमारास जेवतात आणि चारला बाहेर पडतात. जेवण म्हणजे घरून आणलेला ‘मातपाक्के’. पावाच्या तीन-चार चकत्या, त्यांच्यामध्ये चिकटू नये म्हणून कागद, वर काकडी, मासा किंवा ‘ब्रूनोस्त’ नावाचं तपकिरी चीज. दुधाची निवळी तासन्‌तास आटवून हे चीज करतात, त्यामुळे त्याला कंदी पेढ्याजवळ जाणारी गोडसर, किंचित खरपूस चव येते. साहेबालाही सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. मीटिंग चालू असताना एखादा बाप घड्याळाकडे बघून ‘मुलीला पाळणाघरातून आणायचंय’ म्हणत उठतो आणि बाकीचे मान डोलावतात. उशिरापर्यंत बसणाऱ्याचं इथे कौतुक होत नाही. त्याच्यावर कामाचा बोजा जास्त पडतोय का, अशी काळजी केली जाते. पुण्यात मी ज्या वातावरणात काम केलं, तिथे रात्री नऊला दिवा जळत असणं ही निष्ठेची खूण होती. इथे आल्यावर ती सवय सुटायला वेळ लागला, पण सुटली याचा मला आनंद आहे.

रविवारी दुकानं बंद. १०० चौरस मीटरपेक्षा लहान किराणा दुकानांना आणि काही मोजक्या ठिकाणांना सूट आहे, बाकी शहराची शटर खाली. म्हणून शनिवारी ग्रोनलानला जाऊन भाजी आणायची. या भागात १९७०च्या आसपास पाकिस्तानी पंजाबातून कामगार आले आणि स्थिरावले. त्यांच्यामुळे आज ऑस्लोत कोथिंबिरीच्या जुड्या, भेंडी, हिरवी मिरची, चांगली तूरडाळ मिळते. मराठी घरांचा इथला संसार बराचसा त्या दुकानांवर चालतो. रविवार मग मोकळा उरतो, आणि तो मोकळा राहावा अशीच व्यवस्था आहे.

या मोकळ्या दिवसाला जागा देणारा कायदा १९५७चा आहे. माणसाला निसर्गात हिंडण्याचा हक्क नॉर्वेत परंपरेने होताच. त्या वर्षी संसदेने तो लेखी केला. शेत, अंगण, लागवडीची जमीन सोडून बाकीच्या रानात, डोंगरात, किनाऱ्यावर कुणीही पायी किंवा स्कीवर जाऊ शकतं, मालकी कुणाचीही असो. राहत्या घरापासून १५० मीटर अंतर राखून तंबू ठोकता येतो, एका जागी दोन रात्री. त्याहून जास्त राहायचं तर मालकाला विचारायचं; उंच डोंगरात, वस्तीपासून दूर, तेही बंधन नाही. रानातली फळं आणि अळिंबी वेचता येतात. शेतातूनही जाता येतं, पण जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असेल तेव्हाच, म्हणजे पिकाला धक्का लागत नाही तेव्हा. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात किंवा रानाजवळ शेकोटी पेटवायला मनाई. हे नियम कुणी पाटीवर लावलेले दिसत नाहीत. शाळेतल्या मुलांना ते पाठ असतात, कारण ती आठवड्यातून एखादा दिवस रानातच असतात, पाऊस असो वा बर्फ.

मला या देशातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. तेलाचा पैसा नंतर आला. उत्तर समुद्रात एकोफिस्कचा साठा सापडला १९६९च्या अखेरीस, आणि हा कायदा त्याआधीच्या, बेताच्या कमाईच्या नॉर्वेने केलेला आहे. रान सर्वांचं, हे ठरवायला श्रीमंत व्हावं लागलं नाही.

ऑस्लो शहर स्वतःच रानाच्या कुशीत आहे. उत्तरेला नॉर्डमार्काचं विस्तीर्ण जंगल, आणि मेट्रोची एक नंबरची गाडी थेट त्याच्या कडेला, समुद्रसपाटीपासून ४६९ मीटरवरच्या फ्रोग्नरसेतेरेन स्टेशनापर्यंत चढते. होल्मेनकोलेनपर्यंतचा हा रेल्वेमार्ग १८९८चा. हिवाळ्यात डब्यात स्की आणि घसरगाड्या घेतलेली माणसं दाटीवाटीने उभी असतात. लोक वर चढतात, सुमारे दोन किलोमीटरच्या नागमोडी उतारावरून घसरगाडीने खाली येतात, पुन्हा मेट्रो पकडतात. १९७३च्या तेलटंचाईत शनिवार-रविवारी मोटारी चालवायला बंदी होती, तेव्हा राजे ओलाव पाचवे स्की घेऊन याच मार्गाच्या गाडीत बसले. तिकिटाचे पैसे पुढे करणाऱ्या राजाचा तो फोटो इथल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. या जंगलात इमारती घुसू नयेत म्हणून २००९ साली खास कायदा झाला. शहर वाढतंय, घरं महाग आहेत, बांधकामाचा दबाव मोठा आहे. तरी रेषा फारशी हललेली नाही.

पण खरा अनुभव डोंगरातल्या घरांचा. नॉर्वेची गिरिभ्रमण संघटना, डीएनटी, १८६८मध्ये स्थापन झाली. देशभरात तिची साडेपाचशेच्या आसपास घरं आहेत आणि सुमारे २२ हजार किलोमीटरच्या उन्हाळी वाटा तिने आखल्या आहेत. दगडांच्या रचलेल्या ढिगांवर तांबड्या रंगात ‘टी’ हे अक्षर रंगवलेलं असतं. धुकं दाटलं की नजर पुढचा ‘टी’ शोधते, तो सापडला की पाय पुढे पडतो. काही घरांत माणसं असतात, गरम जेवण मिळतं. बऱ्याच घरांत मात्र कुणीच नसतं. सभासदाला अनामत भरून एक किल्ली मिळते आणि ती किल्ली देशभरातल्या अशा बहुतेक कुलूपबंद घरांना लागते.

आत गेलं की थंडगार खोली. शेगडीशेजारी आदल्या माणसाने फोडून ठेवलेली लाकडं आणि काडेपेटी. कपाटात डबाबंद भाज्या, सूपची पाकिटं, राय धान्याच्या कडक भाकऱ्या, कॉफी, आणि दाराच्या आत चिकटवलेली किमतीची यादी. आपण काय घेतलं ते आपणच लिहायचं आणि पैसे आपणच भरायचे, आता बहुतेक जण मोबाईलवरून भरतात. ओढ्यावरून बादलीने पाणी आणायचं. निघताना फरशी पुसायची, राख काढायची आणि पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. नोंदवहीत कुठून आलो, कुठे चाललो ते लिहायचं. कुणी हरवलं तर शोधणाऱ्यांना त्याचाच माग लागतो. बिछाने भरलेले असतील तर जमिनीवर गाद्या घालतात, उशिरा आलेल्याला परत पाठवत नाहीत. एका पावसाळी रात्री आम्ही भिजून पोहोचलो तर आधी आलेल्या वयस्कर जोडप्याने न विचारता आमचे मोजे दोरीवर वाळत घातले आणि सूप पुढे केलं. मेट्रोत शेजारी बसलेल्याकडे न बघणारी हीच माणसं. वाटेवर भेटली की प्रत्येकाला हाक देतात, बर्फ कुठे भुसभुशीत आहे ते सांगतात.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला या सगळ्यात काहीतरी ओळखीचं वाटतं. राजमाचीच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर अनोळखी घरात मिळालेलं पिठलं-भाकरी, देवळात काढलेली रात्र मी विसरलेले नाही. तिथे तो जिव्हाळा माणसांच्या स्वभावावर तगून आहे. इथे त्याला कायदा, संस्था आणि दीडशे वर्षांची शिस्त यांचा आधार आहे, आणि तसा आधार आपल्या गडवाटांना मिळावा असं मला मनापासून वाटतं.

यंदाच्या ऑगस्टात आम्ही रालारवेगनवर सायकली चालवल्या. ऑस्लो ते बर्गन ही रेल्वे १९०९मध्ये पूर्ण झाली. झाडंही उगवत नाहीत अशा पठारावर सामान वाहून नेण्यासाठी मजुरांनी जो रस्ता केला, तो आज सायकलींचा मार्ग आहे आणि त्या मजुरांच्याच नावाने ओळखला जातो. हाउगास्तोलला गाडीतून उतरायचं, सत्तावीस किलोमीटरवर फिन्सेला मुक्काम. १,२२२ मीटरवरचं हे स्टेशन. तिथे मोटारीचा रस्ता पोहोचतच नाही, आणि समोर हार्दांगेरयोकुलेनची हिमनदी पसरलेली. दुसऱ्या दिवशी ऑगस्टातही वाटेवर बर्फाचे पट्टे होते. सायकल खांद्यावर घ्यावी लागली. मग उतार, एकामागून एक वळणं, दोन्ही बाजूंना धबधबे, आणि शेवटी फ्लोमला फ्योर्डचं पाणी. ग्रावहाल्सचा सव्वापाच किलोमीटरचा बोगदा कठीण खडकातून खोदणाऱ्या माणसांची आठवण वाटेवर जागोजागी जपली आहे. मला बोरघाटातला रेल्वेमार्ग आठवला. १८६३मध्ये तो पुरा होईपर्यंत हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी गेले. खंडाळ्याच्या गाडीत बसून मी कितीदा तो घाट चढले, पण त्या मजुरांसाठी उभारलेली खूण मला कुठे दिसली नाही.

हाउगास्तोलजवळ गाडीच्या खिडकीतून हालिंगस्कारवे डोंगराची लांबलचक भिंत दिसते. तिच्या पायथ्याशी, सुमारे १,५०० मीटरवर, तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्वेर्गास्ताइन नावाचं घर बांधलं आणि आयुष्याची कित्येक वर्षं तिथे काढली. १९५०मध्ये हिंदुकुशातल्या तिरिच मीरवर पहिली यशस्वी चढाई झाली, ती त्यांच्या नेतृत्वाखाली. निसर्गाचं मोल माणसाच्या उपयोगापुरतं नाही, असं सांगणारी ‘सखोल पर्यावरणवादा’ची मांडणी त्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला केली. त्यांच्या विचाराचा एक मोठा आधार महात्मा गांधी होते. गांधींच्या सत्याग्रहावर त्यांनी ग्रंथ लिहिला. १९७०मध्ये मार्दोला धबधब्याचं पाणी वीजप्रकल्पाकडे वळवायला विरोध करण्यासाठी लोक रस्त्यात बसले, तेव्हा नेसही त्यांत होते आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. प्रकल्प झालाच. आता उन्हाळ्यात काही आठवडे धबधब्याला पाणी सोडलं जातं.

हा प्रसंग इथे सांगायला हवा, कारण रानावरच्या प्रेमाने या देशातले संघर्ष मिटलेले नाहीत. नॉर्वेची बहुतेक सगळी वीज पाण्यापासून येते आणि त्यासाठी कितीतरी नद्या अडवल्या गेल्या. तेल आणि वायू विकून जमलेला निधी पुढच्या पिढ्यांसाठी राखला जातो, पण ते इंधन जगात कुठेतरी जळतंच. फोसेन द्वीपकल्पावरच्या पवनचक्क्यांमुळे रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या हक्कांचा भंग झाला, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या ऑक्टोबरात दिला. चक्क्या फिरतच राहिल्या. २०२३मध्ये सामी तरुण-तरुणींनी ऑस्लोत मंत्रालयांसमोर ठिय्या दिला. पुढे भरपाईचे आणि चराईच्या पर्यायी जागेचे करार झाले, चक्क्या मात्र जागेवरच आहेत. आमच्या ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर यावरून कडाक्याचा वाद झालेला मी ऐकला आहे. माझं मत सामींच्या बाजूचं आहे. सर्वांचं म्हटलेलं रान ज्यांच्या पोटापाण्याचं आहे, त्यांचा शब्द आधी ऐकायला हवा.

आता दिवस भराभर लहान होतील. २१ डिसेंबरला ऑस्लोत सहा तासही उजेड नसतो. नव्याने आलेल्यांना हा काळ जड जातो, औषधासारखं कॉडलिव्हर ऑइल घ्या असा सल्ला सगळे देतात. मला त्याहून उपयोग झाला तो दिव्यांच्या वाटांचा. जंगलातल्या कित्येक स्की-वाटांवर संध्याकाळी खांबांवरचे दिवे लागतात आणि ऑफिस सुटल्यावर माणसं थेट तिकडे जातात. डोंगरात जाणाऱ्यांसाठीचे नऊ नियम तर क्विक लुन्श नावाच्या चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूलाही छापलेले असतात. त्यातला आठवा मला सर्वांत आवडतो: वेळीच मागे फिरा, त्यात लाज नाही. अडकलात तर शोधपथक येतं, बरेचसे स्वयंसेवकच असतात, आणि सुटकेचं बिल कुणी पाठवत नाही.

बर्फ पडायच्या आत डीएनटीचे स्वयंसेवक पुसट झालेल्या ‘टी’ खुणा पुन्हा रंगवायला निघतात. या वर्षी मीही नाव दिलं आहे. रंग आणि ब्रश संघटना देते, मातपाक्के आपला आपण न्यायचा. शनिवारी सकाळी आठची गाडी आहे.