औशात नव्याने आलेल्यांसाठी: पतसंस्थेच्या काचेच्या दारामागे

संध्याकाळी दिवे लागले की औशाच्या बाजारात एक माणूस दुकानामागून दुकान करत जाताना दिसतो. खांद्याला पिशवी, हातात छोटंसं यंत्र. पानवाला गल्ल्यातून पन्नासची नोट काढून देतो, यंत्रातून चिठ्ठी निघते आणि तो पुढच्या दुकानाकडे वळतो. हा पिग्मीवाला. आपल्याकडे ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी कधीतरी शोधून काढली असेल हे मनातही येत नाही. पण तिला जन्मसाल आहे: १९२८. हातमागाचा धंदा बसल्यामुळे हवालदिल झालेल्या विणकरांसाठी उडुपीत एक छोटी बँक निघाली होती, तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. रोज दोन आणे गोळा करायला आपलीच माणसं घरोघरी पाठवायची, ही कल्पना त्या बँकेची. बँकेत जायला ज्याला वेळ नाही, धीर नाही, त्याच्या दारात बँकच जाऊन उभी राहिली. जवळपास शंभर वर्षांनी औशाचा पानवाला तेच करतोय.

आता समजा तुमची बदली औशाला झाली. शिक्षक असाल, ग्रामसेवक असाल किंवा लातूर वीसेक किलोमीटरवर आहे म्हणून इथे स्वस्तात खोली घेऊन राहिला असाल. मुख्य रस्त्यावरून चालताना एकसारख्या पाट्या दिसतील. एकीवर ‘नागरी सहकारी बँक’, दुसरीवर ‘नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित’, तिसरीवर ‘मल्टिस्टेट’. काचेची दारं सारखी, काउंटर सारखे, भिंतीवरचा ठेवींच्या व्याजदरांचा फलकही सारखाच. आत मात्र तीन वेगळे कायदे बसलेले असतात.

सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. ती बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत भरपाई देतं. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा अवघी १ लाख होती. जिल्हा मध्यवर्ती बँकही या छत्राखाली येते. पतसंस्था येत नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते, तिच्यावर नजर सहकार खात्याची, आणि ठेवींना तो विमा नाही. मल्टिस्टेट म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी संस्था, तिचा निबंधक तर थेट दिल्लीत. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी संस्था आणि अलीकडे बीडची ज्ञानराधा, दोन्ही मल्टिस्टेट. त्यांच्यात पैसे अडकल्यावर दाद नेमकी कुठे मागायची, इथपासून ठेवीदारांची वणवण सुरू झाली. म्हणून पाटीवरचं नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्यायचा. पैसे ठेवण्याआधीचं पहिलं काम हेच.

विमा नाही, तर मग लोक विश्वास तरी कशाच्या जोरावर ठेवतात? इथून मला या विषयाचं खरं नवल वाटायला लागतं.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या एका गावचा महापौर, फ्रीडरिश रायफायझन, कर्जबाजारी शेतकऱ्यांकडे पाहत होता. त्यांच्याकडे तारण नव्हतं, म्हणून बँक त्यांना उभं करत नव्हती. पण गावात एक गोष्ट मुबलक होती. कोण कष्टाळू, कोणाचं पिणं वाढलंय, कोणाची म्हैस आटलीय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने ही माहितीच तारण मानली. गावापुरती संस्था काढायची, शेजाऱ्याने शेजाऱ्याला जामीन राहायचं. आपल्याकडेही शेतकरी कर्जात बुडाले होते; १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. पुढे १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली, तीही कुठला कायदा नसताना. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये, आणि तो आला रायफायझनच्याच वाटेने. औसा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे इंग्रजी मुलखातला तो कायदा इथे लागू नव्हता.

त्यानंतरचं वळण बहुतेकांच्या कानावरही आलेलं नसतं. १९०७ मध्ये बोस्टनचा एक श्रीमंत दुकानदार, एडवर्ड फिलीन, जगप्रवासाला निघाला आणि बंगालमध्ये थांबला. तिथे सहकारी संस्थांचे निबंधक गुर्ले यांच्याबरोबर त्याने खेड्यातल्या पतपेढ्या पाहिल्या. परत गेल्यावर तो या कामामागे लागला. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ‘क्रेडिट युनियन’चा कायदा केला आणि पुढे साऱ्या अमेरिकेत ही चळवळ पसरली, त्यात फिलीनचा पैसा आणि जीव दोन्ही ओतलेले होते. म्हणजे आज शिकागोला गेलेला आपला मुलगा ज्या क्रेडिट युनियनमध्ये पगार जमा करतो, तिच्या वंशावळीत हिंदुस्थानातलं एक खेडं आहे. मला हे वाचलं तेव्हापासून तालुक्याच्या गावातली साधी पतसंस्था वेगळीच दिसू लागली.

औशातही हीच माहिती आजपर्यंत तारणाचं काम करते. आडत्याच्या पट्टीवरून कोणाचं सोयाबीन किती झालं ते कळतं. संचालकांपैकी एखादा किराणा दुकानदार असतो, उधारीची वही त्याच्याच हातात असते. म्हणून दोन जामीनदारांच्या सह्यांवर पन्नास हजार मिळतात, तेही मोठ्या बँकेने कागदांसाठी चार खेपा घालायला लावल्या असत्या तेवढ्या वेळात.

पण याच गोष्टीत धोकाही दडलेला आहे. सगळे कर्जदार एकाच आभाळाखाली राहतात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. ते गाव याच औसा तालुक्यातलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वर्षी किराणावाला, शिवणकाम करणारी बाई, टमटमवाला, शेतकरी, सगळ्यांचे हप्ते एकदम थकतात. शेजाऱ्याला जामीन राहिलेला शेजारीही त्याच अडचणीत असतो. म्हणून कायद्याने सहकारी संस्थेला निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायला लावलं आहे. आणि म्हणूनच शहाणी संस्था आपला सगळा पैसा गावातच फिरवत नाही, काही बाहेरच्या भक्कम बँकांत मुदत ठेवीत ठेवते.

हे बाहेरून कसं कळणार? वार्षिक अहवाल मागा. पिवळट कागदावर छापलेली पुस्तिका असते. अध्यक्षांचं मनोगत आणि फोटो उलटून थेट ताळेबंदावर या. ठेवी आणि कर्जं हे दोन आकडे शेजारी मांडा. शंभर रुपये ठेवींमागे सत्तरच्या आसपास कर्ज असेल तर संस्थेला श्वास घ्यायला जागा आहे. नव्वदच्या वर गेलं असेल तर दहा मोठे ठेवीदार एकदम आले की गोची. मग लेखापरीक्षणाचा वर्ग बघा: अ, ब, क की ड, आणि एकाच वर्षाचा नको, तीन वर्षांचा. मग थकबाकी. इथे जरा थांबा, कारण मार्च महिन्यात ‘नवं-जुनं’ होतं. जुन्या कर्जाच्या जागी नवं कर्ज लिहायचं, की कागदावर थकबाकी गायब. कर्जाचा आकडा दर मार्चला फुगत असेल आणि वसुलीने हातात आलेलं व्याज मात्र तसंच राहत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. व्याजदराच्या फलकाकडेही याच नजरेने बघा. बाजारात सगळे आठ-नऊ टक्के देत असताना कुणी बारा देत असेल, तर ती संस्था कर्ज पंधराच्या वरच देणार. एवढ्या दराने कर्ज कोण घेतं? ज्याला दुसरं कुणी दारात उभं करत नाही तो.

पगारदारांसाठी आणखी एक वाट आहे. शिक्षकांच्या, कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे वसुलीची कटकट फारशी राहत नाही. बदलीवर आलेल्याने आधी तिथे चौकशी करावी, असं मला मनापासून वाटतं. पिग्मी सुरू केली तर महिन्यातून एकदा पासबुक घेऊन स्वतः शाखेत जा आणि चिठ्ठ्यांचा मेळ तिथल्या खात्याशी घाला. एजंटशी ओळख कितीही घट्ट असू द्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. ठेव ठेवायला गेलात की एक अर्ज पुढे सरकतो, थोडी फी घेतात आणि तुम्ही ‘नाममात्र सभासद’ होता. नाममात्र सभासदाला मत नसतं. ‘शेअर घेतो, मला पूर्ण सभासद करून घ्या,’ असं म्हणा. कार्यक्षेत्रात राहत असल्याचा पुरावा लागेल. भाडेकरारावर काम होतं. पूर्ण सभासदाला एक मत मिळतं, शेअर एक असो की हजार. शिवाय १९६० च्या त्याच अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे संस्थेच्या कार्यालयात जाऊन ताळेबंद, सभासदांची नोंदवही, अगदी संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्तही फुकट पाहता येतं. गावात काल आलेल्या माणसाला, ज्याचं आडनावही अजून कुणाला नीट माहीत नाही, वीस वर्षं संचालक असलेल्याच्या निर्णयांची वही उघडून बघायचा हक्क! सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होते. तिथे विषय वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो, तेव्हा उठून थकबाकीबद्दल एक प्रश्न विचारायचा, तोही तुमचा हक्कच आहे.

आणि बाहेरचा म्हणून टोलवाटोलवी झाली तर? अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नाकारायचं तर संस्थेला कारण द्यावं लागतं, त्यावर निबंधकाकडे अपील करता येतं. तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर कलम २२ म्हणतं की तुम्ही सभासद झालात.