तुटली तरी न कळणारी तार

घरात वीज नाही, शेजारी मात्र दिवे चालू आहेत, म्हणून वायरमनला बोलावलं जातं. पंख्याचं बटण चालूच असतं. तो सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घालतो, टेस्टर पेटतो. मग डाव्या भोकात घालतो, तिथेही पेटतो. दोन्हीकडे वीज, तरी पंखा ढिम्म! घरातल्यांना हे कोडं वाटतं, वायरमनला नाही. ‘न्यूट्रल गेलाय’ एवढंच म्हणून तो मीटरकडे वळतो.

फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग या तीन तारा आपल्याला नावाने माहीत असतात. फेज म्हणजे धोक्याची, न्यूट्रल म्हणजे बिनधोक आणि अर्थिंग म्हणजे असली तर बरी, अशी आपली ढोबळ समजूत असते. ती कितपत खरी आहे हे पाहायचं, तर प्रत्येक तारेबद्दल एकच प्रश्न विचारावा: ही तुटली तर काय होईल?

त्याआधी या तारा येतात कुठून, ते पाहू. रस्त्याच्या कडेला किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात जे रोहित्र असतं, ज्याला गावोगाव डीपी म्हणतात, त्यात 11,000 व्होल्टची वीज घरगुती वापराच्या दाबावर आणली जाते. त्यात घरांकडच्या बाजूला तारेच्या तीन गुंडाळ्या असतात. तिघींचं एकेक टोक एका बिंदूत जोडलेलं असतं आणि तो बिंदू तिथेच जमिनीत पुरलेल्या धातूला बांधलेला असतो. या बिंदूपासून निघते ती न्यूट्रल. गुंडाळ्यांच्या उरलेल्या तीन टोकांपासून निघतात त्या तीन फेज. कुठलीही फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट दाब असतो, तर दोन फेजांमध्ये साधारण 400 व्होल्ट.

फेजमधून वीज येते आणि न्यूट्रलमधून परत जाते, असं आपण शिकलेलो असतो. ते अर्धंच खरं आहे. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदात शंभर वेळा उलटते. शिवाय पंख्यातून जेवढा प्रवाह फेजमध्ये वाहतो, नेमका तेवढाच न्यूट्रलमध्येही वाहतो. मग फरक कशात? जमिनीच्या तुलनेत असणाऱ्या दाबात. न्यूट्रल डीपीपाशी जमिनीला बांधलेली असल्यामुळे तिचा दाब जमिनीइतकाच, जवळपास शून्य राहतो. फेजचा दाब मात्र 325 व्होल्ट वर आणि तेवढाच खाली असा हेलकावत असतो. 230 ही त्याची परिणामी सरासरी. अनवाणी उभं राहून फेजला हात लागला, तर प्रवाह अंगातून जमिनीत उतरतो. तो तिथे जिरत नाही. जमिनीतून वाट काढत तो डीपीच्या त्याच बिंदूपाशी परततो. शॉक बसतो तो ही फेरी आपल्या अंगातून पूर्ण होते म्हणून.

आता पहिली तार तोडून पाहू. घरात येणारी फेज तुटली, तर सगळं बंद पडतं आणि तुटल्या जागेच्या पुढे, घराच्या बाजूला, दाब उरत नाही. हा सरळ, प्रामाणिक बिघाड. म्हणूनच बटण आणि फ्यूज नेहमी फेजवर असावेत असा दंडक आहे. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलं, तरी दिवा विझतो, पण होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच राहतात. बटण बंद केल्यावरही रात्री एलईडी दिवा मिणमिणत असेल, तर वायरिंग तपासून घ्यावं. बटणातला छोटा इंडिकेटर किंवा शेजारून गेलेल्या लांब तारा हेही त्याचं कारण असू शकतं, पण उलटं जोडलेलं बटण हे एक नेहमीचं कारण आहे. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज असायचे. न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला, की वीज गेली असं समजून लोक तारांना हात घालत. म्हणूनच 1956च्या भारतीय वीज नियमांमध्ये न्यूट्रलवर सुटा फ्यूज किंवा सुटं बटण बसवायला मनाई होती.

हीच दुसऱ्या तारेची गोष्ट. न्यूट्रल तुटली, की पंखा बंद पडतो, पण फेज पंख्यापर्यंत पोचलेलीच असते. प्रवाह वाहत नसल्यामुळे वाटेत दाब घटत नाही आणि पंख्याच्या गुंडाळीतून तो पलीकडच्या न्यूट्रलवर तसाच चढतो. टेस्टरमधल्या निऑन दिव्याला जेमतेम एका मिलिअँपियरचाही अंश पुरतो, म्हणून तो दोन्ही भोकांत पेटतो. घरातली सगळी बटणं बंद केली, की डाव्या भोकातला उजेड जातो. ‘बिनधोक’ न्यूट्रलची किंमत अशी आहे: डीपीशी नातं आहे तोवरच ती न्यूट्रल.

न्यूट्रल घरात न तुटता डीपीपाशी किंवा इमारतीच्या मुख्य पॅनलमध्ये तुटली, तर प्रकरण आणखी विचित्र होतं. वेगवेगळ्या फेजवरची घरं आता एकमेकांशी मालिकेत जोडली जातात. सोपं म्हणून दोनच घरं घेऊ. एकात टीव्ही आणि दिवे मिळून 100 वॉट, दुसऱ्यात 1000 वॉटची इस्त्री. दोन फेजांमधले 400 व्होल्ट या दोघांत वाटले जातात, पण वाटणी उफराटी होते: इस्त्रीच्या घराला चाळीसेक व्होल्ट, तर टीव्हीच्या घराला साडेतीनशेच्या वर. ज्याचा वापर कमी, त्याच्याच वस्तू जळतात. एका फेजवरचे दिवे मंदावलेत आणि दुसरीवरचे एकदम झगझगायला लागलेत असं दिसलं, तर कौतुक न करता आधी मेन स्विच बंद करावा.

आता तिसरी तार तोडू. अर्थिंग तुटली तर काय होतं? काहीच नाही. पंखा फिरतो, फ्रिज थंड करतो, गिझर पाणी तापवतो. अर्थिंगमधून रोजच्या कामाचा प्रवाह वाहतच नाही. त्यामुळे ती वर्षानुवर्षं तुटलेली राहू शकते, किंवा जोडलेलीच नसते, आणि घरात कुणाला पत्ता नसतो. फार तर वॉशिंग मशीनला किंवा कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. अशा यंत्रांत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थिंगने जमिनीत जावा अशी योजना असते. मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा ही वाट बंद असल्यामुळे.

या तारेचं मोल कळतं ते विदर्भातल्या उन्हाळ्यात. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि पाणी भरायला येणारं माणूस अनवाणी. दर उन्हाळ्यात महावितरण कूलरबाबत सावधगिरीचं आवाहन करतं ते उगाच नाही. पंपाच्या वायरचं आवरण फाटून फेज पत्र्याला टेकली आणि अर्थिंग नसेल, तर पत्र्यावर 230 व्होल्ट येतात. कूलर तरीही चालूच राहतो. ओल्या अंगाचा रोध साधारण 1000 ओम धरला, तर हात लावणाऱ्याच्या अंगातून 0.23 अँपियर वाहतील. हृदयाची लय बिघडवायला याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. फ्यूजचं काम करणाऱ्या एमसीबीच्या लेखी मात्र हा प्रवाह एखाद्या साध्या दिव्याएवढा. तो पडत नाही. एमसीबी असतो तो तारा जळू नयेत म्हणून, माणसासाठी नव्हे.

अर्थिंग आहे, पण वाईट आहे, असं असेल तर? कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यातला पाइप उन्हाळ्यात कोरडा पडला आणि त्याचा रोध 20 ओम झाला असं समजा. डीपीच्या अर्थिंगचा 3 ओम. एकूण 23 ओममधून वाहणार 10 अँपियर. 16 अँपियरचा एमसीबी पडणार नाही आणि पत्र्यावर 200 व्होल्ट तसेच राहतील. खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायची जुनी सवय यासाठीच आहे.

प्लग बनवणाऱ्यांना या तारेचं महत्त्व ठाऊक आहे. आपला गोल पिनांचा प्लग मूळचा ब्रिटिश. तिकडच्या घरांतून तो गेला, आपल्याकडे टिकला. त्यातली अर्थिंगची पिन सगळ्यांत जाड, म्हणून ती फेजच्या भोकात जाऊच शकत नाही. आणि सगळ्यांत लांब, म्हणून ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. पण तीन पिनांच्या प्लगला दोनच तारांची वायर जोडली, तर ही सगळी हुशारी फुकट. त्याहून वाईट म्हणजे अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थिंगचं भोक न्यूट्रलला जोडून टाकणं. न्यूट्रल तुटली, की यंत्राच्या धातूच्या अंगावर थेट फेज येते. रंगांवरही डोळे मिटून विसंबू नये. भिंतीतल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. उपकरणाच्या वायरमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. आणि थ्री-फेज जोडणीत तीच निळी तिसरी फेज.

अर्थिंगला जोड हवी ती आरसीसीबीची. जमाखर्च जुळवणाऱ्या कारकुनासारखा तो फेजमधला आणि न्यूट्रलमधला प्रवाह सतत ताडून पाहतो. दोन्हींत 30 मिलिअँपियरची तफावत आली, की तो क्षणार्धात वीज तोडतो. वर पाहिलेले गळतीचे 10 अँपियर तर याच्या कितीतरी पट. अर्थिंग नसली तरी माणसाला शॉक बसताना तो पडतो, पण अर्थिंग असली तर कुणाचा हात लागण्याआधीच, पत्र्याला फेज टेकताक्षणी पडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरणाऱ्याला मात्र तो वाचवू शकत नाही, कारण त्याच्या हिशेबात तफावतच येत नाही.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबावं. वीज तुटली पाहिजे. पण हे बटण आरसीसीबीच तपासतं. त्याने कृत्रिम गळती होते ती आतल्या आत, त्यामुळे घरात अर्थिंग मुळीच नसली तरी ही परीक्षा व्यवस्थित पास होते. अर्थिंगची वेगळी परीक्षा घ्यावी लागते, मीटर लावून. वायरमन घरी आला, की बिघाड काढून झाल्यावर त्याला एवढं आणखी सांगावं: प्रत्येक सॉकेटपासून खड्ड्यापर्यंत अर्थिंग सलग आहे का ते बघा आणि खड्ड्याचा रोध मोजा. फेज गेली तर आपण लगेच तक्रार करतो, न्यूट्रल गेली तरी करतो. अर्थिंगची तक्रार करायला मात्र घरात काहीच बंद पडत नाही.