हिरडीतलं रक्त आणि रक्तातली साखर

मी दातांचा डॉक्टर, चेन्नईत गिंडीला माझा दवाखाना आहे. इथेच किंग इन्स्टिट्यूट आहे. १८९९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देवीच्या रोगावरची लस तयार व्हायची. ते जंतू बाहेरून येणारे. आज बोलू या आपल्या तोंडातच मुक्काम ठोकलेल्या जंतूंबद्दल.

सोलापूरच्या एक काकू इथे मुलाकडे राहायला आल्या होत्या. दाढ हलते म्हणून माझ्याकडे आल्या. मधुमेह जुना. गोळ्या वेळेवर, पथ्य चोख, तरी साखर आटोक्यात येईना.

मी विचारलं, "काकू, दात घासताना रक्त येतं का?"

"ते तर कधीपासूनच येतं हो, डॉक्टर. वयाचं असेल म्हणून कुणाला सांगितलं नाही."

मंडळी, वय झालं म्हणून हिरडीतून रक्त येत नाही. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर साठतो. तो वेळीच निघाला नाही, तर कडक होऊन त्याचं कीटण बनतं. शरीर जंतूंशी लढू लागतं, हिरडी सुजते, दातापासून सुटते. त्या फटीत जंतू आणखी खोल शिरतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. दुखत मात्र फारसं नाही. आजार वाढलेल्या माणसाच्या तोंडात अशा सुजलेल्या भागाचं क्षेत्रफळ ८ ते २० चौरस सेंटिमीटर असू शकतं, असा एक अंदाज आहे. एवढी जखम हातावर असती, तर आपण वर्षभर गप्प बसलो असतो का?

या सुजेतून निघणारी रसायनं रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. उलट, साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात. दोन्ही आजार एकमेकांना खतपाणी घालतात. हिरड्यांची खोलवर सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीचा आकडा सरासरी सुमारे ०.४ने उतरतो, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. उतार लहान आहे, पण मोलाचा आहे. अर्थात, गोळ्या बंद करायच्या नाहीत.

हिरड्यांचा आजार असणाऱ्यांमध्ये हृदयविकारही जास्त आढळतो. पण दात साफ केले की हार्ट अटॅक टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. तसं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

मग करायचं काय? मऊ ब्रशने दोन वेळा, दोन-दोन मिनिटं दात घासा. दातांच्या फटीही साफ करा. मिश्री लावत असाल तर सोडा. रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नका, तपासून घ्या. दातांच्या डॉक्टरला साखरेचा रिपोर्ट दाखवा आणि मधुमेहाच्या डॉक्टरला हिरड्यांबद्दल सांगा.

काकूंची दाढ वाचली नाही, बाकीचे दात वाचले. तीन महिन्यांनी साखरही थोडी उतरली होती. त्या रोज चालायलाही लागल्या होत्या, म्हणून सगळं श्रेय मी घेणार नाही. पण जाताना म्हणाल्या, "हे कुणी आधी विचारलं असतं तर!"

आज घरातल्या मोठ्यांना तुम्हीच विचारा.